नजरेच्या कडेने

'दिसत नाही का?' हा प्रश्न मराठी माणूस दिवसातून किती वेळा विचारत असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही. बसच्या रांगेत पायावर पाय पडला, मंडईत पिशवीचा धक्का लागला, जिन्यात कोणाच्या हातून पाणी सांडले, की हा प्रश्न ठेवलेलाच. त्याच्या पाठोपाठ 'डोळे फुटले की काय?' हेही ओघाने येते. गंमत अशी, की या प्रश्नाला उत्तराची अपेक्षाच नसते. समोरच्याने मान खाली घालावी नि वाटेला लागावे, एवढाच त्याचा अर्थ. पण समजा, समोरच्याने शांतपणे सांगितले, "दिसते हो, पण मी जिथे पाहते तेवढी जागा सोडून बाकी सगळे दिसते," तर विचारणाराच गोंधळून जाईल. आपल्या भाषेत एक डोळस आहे नि एक आंधळा आहे. मधल्या माणसाला उभे राहायला तिने जागाच ठेवलेली नाही. हल्ली सरकारी कागदांत 'अल्पदृष्टी' हा शब्द आला आहे. शब्द चांगला आहे, पण तो अजून कागदातच आहे. कोणा आजीच्या तोंडी मी तो ऐकलेला नाही.

या मधल्या जागेत जिने आपले आयुष्य काढले, आणि धावण्याच्या शर्यतींतही जिने अखेर मधलाच पल्ला धरला, अशा एका बाईची हकीकत मला सांगायची आहे. तिचे नाव मार्ला रनयन. अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, तिने पाच सुवर्णपदके मिळवली. पण तेवढ्यावरच ती थांबली असती तर कदाचित मी हा लेख लिहायला बसले नसते.

मार्लाचा जन्म ४ जानेवारी १९६९ चा, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या सांता मारिया गावचा. वाढली ती त्याच राज्यातील कॅमारिलो येथे. चार मुलींसारखी मुलगी; फुटबॉल खेळणारी, कोलांट्या मारणारी. नऊ वर्षांची असताना तिला फळ्यावरचे दिसेनासे झाले. मग पुस्तकातले. चष्मा लावून काही उपयोग होईना. अखेर निदान झाले ते 'स्टारगार्ट' नावाच्या विकाराचे.

हे नाव कार्ल स्टारगार्ट या जर्मन नेत्रवैद्याचे. १९०९ साली त्याने या विकाराचे वर्णन प्रथम केले. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध एक चिमुकली जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, ही सगळी बारीक कामे तिच्याकडे. या विकारात नेमक्या त्या जागेतल्या पेशी हळूहळू निकामी होतात. पडद्याच्या कडेचा भाग मात्र शाबूत राहतो. त्यामुळे रोग्याला काळोख दिसत नाही. तो खोलीत सरळ चालत येतो, खुर्ची चुकवतो, दाराची कडी काढतो. पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिले, की नेमके तोंडच नाहीसे होते. कान दिसतात, खांदे दिसतात, मागची भिंत दिसते. मग तो नजर थोडी बाजूला वळवतो आणि कडेच्या दृष्टीने काम चालवतो. समोरच्याला वाटते, हा आपल्याकडे पाहत नाही, याचे लक्ष नाही, किंवा हा उर्मट आहे.

आणखी एक दुर्दैव असे, की आरंभीच्या काळात डॉक्टरांनी डोळ्यात डोकावून पाहिले तरी पडदा पुष्कळदा निरोगी वाटतो. मग मूल ढोंग करते आहे, अभ्यास टाळते आहे, शेजारणीच्या मुलीला चष्मा आला म्हणून हिलाही हवा आहे, असे तर्क सुरू होतात.

हे मी वाचून सांगत नाही, घरात पाहून सांगते आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला हाच विकार आहे. ती आठ वर्षांची असताना तिच्या चष्म्याचा नंबर एका वर्षात तीन वेळा बदलला. एका डॉक्टरांनी तर तिच्या देखत माझ्या भावजयीला सांगितले, "डोळ्यांत काही नाही, नाटकं आहेत. दोन दिवस दुर्लक्ष करा." त्या दोन दिवसांचे पुढे दीड वर्ष झाले. निदान कळले तेव्हा घरात जे झाले ते मराठी घरात होते तेच. आई आधी देवाजवळ बसली. मग हळूच सुनेला विचारती झाली, की दिवस गेलेले असताना ग्रहणात बाहेर पडली होतीस का. भावजय बिचारी अपराध्यासारखी आठवत बसली.

ग्रहणाचा याच्याशी काडीइतका संबंध नाही. १९९७ साली शास्त्रज्ञांना या विकाराचे मूळ असलेले जनुक सापडले. ज्याला हा विकार होतो त्याला बहुतेक वेळा एक सदोष प्रत आईकडून नि एक बापाकडून मिळालेली असते. एकच सदोष प्रत अंगी असलेल्या माणसाला काहीच होत नाही. त्याला त्याचा पत्ताही नसतो. असे दोघे एकत्र आले म्हणजे प्रत्येक अपत्याला चारात एक इतका धोका. नात्यातल्या नात्यात लग्न झाले तर अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो, एवढे मात्र मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या आपल्या समाजाने ध्यानात ठेवायला हरकत नाही. हुकमी इलाज अजून हाती आलेला नाही. प्रयोग चालू आहेत.

तर मार्ला. तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी २०/३०० आणि उजव्याची २०/४०० अशी नोंदलेली आहे. याचा सोपा अर्थ असा, की चांगल्या डोळ्याला जे अक्षर ३०० फुटांवरून वाचता येते, त्याच्यासाठी तिला २० फुटांवर यावे लागते. दुसऱ्या डोळ्याची कथा याहून बिकट. अमेरिकेत चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी २०/२०० किंवा त्याहून कमी असेल, तर कायदा त्या माणसाला अंध समजतो. म्हणजे कायद्याने मार्ला अंध. रस्त्यातून चालताना पाहाल तर तसे वाटणार नाही. या दोहोंच्या मध्ये तिची सारी कुचंबणा. काठी घेऊन चालणाऱ्याला लोक वाट देतात. जिच्या हातात काठी नाही तिने बसचा नंबर विचारला तर 'वाचता येत नाही का?' असे विचारतात.

चेंडू दिसेना तेव्हा फुटबॉल सुटला. पण मैदानावरच्या मर्दानी खेळांत एक सोय असते. बहुतेक गोष्टी जागच्या जागी राहतात. उंच उडीची काठी चालून येत नाही, लांब उडीची फळी पळून जात नाही. शाळेत असताना मार्लाने उंच उडी धरली. १९८७ साली शाळा संपवून ती सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात गेली. तिथे तिने विषय घेतला तो बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा, आणि पुढे १९९४ साली एम.ए. केले ते मूकबधिर असून शिवाय अंध असलेल्या मुलांच्या शिक्षणात. पाठ्यपुस्तके वाचायची ती अक्षरे पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवून, एका वेळी काही शब्द. आमच्या एम.ए.च्या वर्गातील मुले ग्रंथाची जाडी पाहून सुस्कारा टाकतात तेव्हा मला हे यंत्र आठवते. पण ते असो.

१९९२ साली बार्सिलोना येथे पॅरालिंपिक भरले. या खेळांचा उगम इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला. १९४८ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी चाकांच्या खुर्चीवरून स्पर्धा सुरू केल्या. १९६० साली रोममध्ये पहिले पॅरालिंपिक झाले. अंधांना त्यात प्रवेश मिळायला १९७६ उजाडले. आपल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवले ते याच खेळांत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या सांगली जिल्ह्यातल्या जवानाची आठवण महाराष्ट्राला नीटशी झाली ती मात्र 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट २०२४ साली निघाला तेव्हा. बार्सिलोनात मार्लाने अल्पदृष्टी असलेल्या स्त्रियांच्या गटात शंभर, दोनशे नि चारशे मीटर या तिन्ही शर्यती जिंकल्या, वर लांब उडीही. चार सुवर्णपदके!

आणि तरीही तिचे समाधान झाले नाही. का झाले नाही, हे सांगताना जपून लिहावे लागते. पॅरालिंपिक कमी प्रतीचे, असे तिचे म्हणणे मुळीच नव्हते. तिला एवढेच पाहायचे होते, की डोळ्यांचा हिशेब बाजूला ठेवून नुसते पायच मोजले तर आपण कुठे बसतो. हा प्रश्न एकदा मनात शिरला म्हणजे चार पदकांनीही तो शमत नाही.

म्हणून तिने सप्तकसरत धरली, म्हणजे दोन दिवसांत सात प्रकार. त्यांत शंभर मीटरची अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, दोनशे मीटर धावणे, लांब उडी, भालाफेक आणि शेवटी, अंगात त्राण उरलेले नसताना, आठशे मीटर. यातले अडथळे पाहा. ८४ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे. पहिला तेरा मीटरांवर, पुढचे दर साडेआठ मीटरांवर. जिला समोरचा अडथळा सरळ पाहिला की दिसेनासा होतो तिने त्यावरून वेगाने उडी टाकायची! पण थोडा विचार केला तर कळते, की अडथळ्यांची शर्यत नजरेपेक्षा पावलांची आहे. दोन अडथळ्यांत तीन पावले. ठेका चुकला की डोळसही आदळतो. तबलजी तबल्याकडे पाहत नाही, तसेच काहीसे. लांब उडी मारणाराही फळीकडे पाहत धावत नाही. आपली धाव पावलांत मोजून घेतो, खूण करून ठेवतो. मार्लाने इतरांहून वेगळे काही केले नाही, फक्त इतरांपेक्षा अधिक काटेकोर केले.

१९९६ च्या उन्हाळ्यात अटलांटा शहरी अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाची निवडचाचणी झाली. सप्तकसरतीत मार्ला दहावी आली. दहावी म्हणजे घरी. परंतु त्या दहाव्या क्रमांकात एक आकडा दडलेला होता. शेवटची आठशे मीटरची धाव तिने दोन मिनिटे पाच सेकंदांच्या आत संपवली. सहा प्रकारांनी थकलेल्या अंगाने, सप्तकसरतीत, असे आठशे मीटर तोवर कोणा अमेरिकन बाईने धावलेले नव्हते. ज्यांना आकडे वाचता येतात त्यांनी तो वाचला. त्याच वर्षी त्याच शहरात पॅरालिंपिक झाले; मार्लाने पंचकसरतीत सुवर्ण नि गोळाफेकीत रौप्यपदक घेतले, आणि मग गोळा, भाला, अडथळे यांची गाठोडी बांधून माळ्यावर टाकली. ओरेगन राज्यात युजीन म्हणून गाव आहे. आपल्याकडे कोल्हापूरला कुस्तीचे जे, ते तिथे धावण्याचे. तिथे राहून तिने मधल्या पल्ल्याची तयारी आरंभली. वय सत्तावीस पूर्ण. या वयात नवा खेळ धरणारीला आपल्याकडे 'आता पुरे कर' असेच सांगतील. तिकडेही सांगणारे नसतील असे नाही.

मधला पल्ला म्हणजे आठशे आणि पंधराशे मीटर. शंभर मीटरला आखलेली पट्टी असते. तुझी तुला, माझी मला. मॅरेथॉनला रस्ता मोकळा असतो. पंधराशेला यांपैकी काही नाही. पावणेचार फेऱ्या, पिस्तुलाचा आवाज झाला, की डझनभर बाया आतल्या कडेसाठी एकाच वेळी झेपावतात. कोपर लागते, बुटाचे खिळे पोटरीत घुसतात, एकीच्या टाचेला दुसरीचा पाय अडकतो. शिवाय ही शर्यत बुद्धीची. कोणाच्या मागे राहायचे, कधी बाहेरून निघायचे, कोण खरी दमली आहे नि कोण सोंग करते आहे, हे सारे धावता धावता ओळखायचे. हे ओळखायचे कशाने? डोळ्यांनीच ना! मार्लाला ना पुढचीचा चेहरा दिसे, ना मैदानावरचे मोठे घड्याळ. तिने कपड्यांचे रंग धरले, धावण्याची ढब धरली, पावलांचे नि श्वासांचे आवाज धरले. बाजूने कोणी आले तर ते तिला दिसे, कारण कड शाबूत. शेवटच्या फेरीची घंटा सगळ्यांसाठीच वाजते. आणि कितवे आलो हे तिला दुसऱ्याला विचारावे लागे.

माझ्या भाचीने याच ठिकाणी मला अडवले होते. मार्लाने सॅली जेंकिन्स या लेखिकेच्या साह्याने लिहिलेले 'नो फिनिश लाइन' हे आत्मचरित्र २००१ साली निघाले. ते मला मिळाले तेव्हा मी सुट्टीत भावाकडे जाऊन रोज रात्री भाचीला त्याची गोष्ट मराठीत सांगत असे. तिला पदकांत गोडी नव्हती. तिचे प्रश्न कामाचे होते.

"आत्या, तिला पुढचीची पाठ दिसायची का गं?"

"पाहिली तर नाही. न पाहिली तर हो."

यावर मोठ्या माणसाने स्पष्टीकरण मागितले असते. ती म्हणाली, "बरोबर आहे," आणि पुढे सांग म्हणून खूण केली.

१९९९ साली कॅनडातल्या विनिपेग येथे अमेरिका खंडातील देशांचे पॅन अमेरिकन सामने झाले. मार्लाने पंधराशे मीटरचे सुवर्णपदक घेतले. हे सामने डोळसांचे. त्याच वर्षी स्पेनमधल्या सेव्हिल येथे जागतिक स्पर्धेत ती अंतिम शर्यतीत पोचून दहावी आली. सन २००० च्या जुलैत सॅक्रामेंटो येथे पुन्हा निवडचाचणी. त्याच्या आधी काही आठवडे पाय दुखावलेला. सराव जवळजवळ बंद. तरी ती तिसरी आली नि संघात गेली. कायद्याने अंध ठरलेली अमेरिकेची ती पहिली ऑलिंपिक खेळाडू. पॅरालिंपिकमधून ऑलिंपिकला गेलेली ती पहिलीच, असे कोणी लिहिले तर ते मात्र खरे धरू नये. न्यूझीलंडची तिरंदाज नेरोली फेअरहॉल १९८४ साली लॉस एंजेलिसला चाकांच्या खुर्चीत बसून बाण सोडून आली होती.

सिडनी. ३० सप्टेंबर २०००. दोन फेऱ्या पार करून मार्ला अंतिम शर्यतीत उभी. बारा जणी. आरंभी गती संथ, त्यामुळे सगळ्यांचा एकच घोळका, म्हणजे मार्लासारखीला सर्वांत अवघड. अखेरच्या सरळ पट्टीत तिच्याच देशाची सुझी फेव्हर हॅमिल्टन कोसळली. मार्ला आठवी आली. वेळ ४ मिनिटे ८.३० सेकंद. पहिली आलेली अल्जीरियाची नूरिया मेराह-बेनिदा ४ मिनिटे ५.१० सेकंदांत पोचली होती. अंतर तीन सेकंदांचे; मैदानावर मोजले तर वीस मीटरांच्या आतले. जगातल्या सगळ्या बायकांत आठवी! आपल्या देशाची एकही बाई आजवर या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आठची किंमत कळते.

बातमीदारांचा गराडा मात्र तिच्याभोवती पडला तो तिच्या डोळ्यांसाठी. तुला किती दिसते? शेवटची रेषा दिसते का? शर्यत कशी झाली, कुठे मागे पडलीस, असे फारच थोडे विचारीत. तिला याचा कंटाळा येई नि ती तो लपवीत नसे. मला धावपटू म्हणून ओळखा, अंध धावपटू म्हणून नव्हे, असे तिचे सांगणे होते. मला ते पटते, आणि तरीही तिच्या डोळ्यांविषयीच चार पाने लिहिली आहेत, हेही मला दिसते आहे. पण ज्या घरात असे मूल आहे त्या घराला तिचे डोळे नि तिचे पाय दोन्ही लागतात, त्याला मी काय करू?

जाता जाता आणखी एका पंधराशे मीटरची गोष्ट सांगते, कारण ती अर्धवट सांगितली जाते. २०१६ साली रिओ येथे पॅरालिंपिकमध्ये अल्पदृष्टी पुरुषांच्या गटात अल्जीरियाचा अब्देलतीफ बाका ३ मिनिटे ४८.२९ सेकंदांत पहिला आला. काही आठवड्यांपूर्वी त्याच शहरात ऑलिंपिकची तीच शर्यत अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने जिंकली होती, ती ३ मिनिटे ५०.०० सेकंदांत. म्हणजे डोळसापेक्षा अंध जोरात धावला! एकटा बाकाच नव्हे, त्याच्या मागचे तिघेही, आणि त्यांत चौथा त्याचा सख्खा भाऊ. बातमी जगभर गाजली. ती खरीच आहे. पण ऑलिंपिकची ती शर्यत सगळ्यांनी मुद्दाम हळू ठेवून शेवटी झेप घेतलेली होती. १९३२ नंतर इतक्या सावकाश ती कोणी जिंकलेली नव्हती. जागतिक उच्चांक ३ मिनिटे २६ सेकंदांचा आहे. बाकाचे कौतुक करायला अर्धे सत्य कशाला हवे? अल्पदृष्टी माणसाने ३ मिनिटे ४८ सेकंदांत पंधराशे मीटर धावणे, हे तेवढ्यानेच अचंब्याचे आहे. अशा अतिशयोक्तीने होते काय, की ऐकणारा एकदा भारावतो, दुसऱ्या दिवशी खरा हिशेब कळला की हसतो, आणि तिसऱ्या दिवशी खरे कौतुकही करीत नाही.

अंधांच्या शर्यतींतले तीन वर्गही वाचकांना सांगून ठेवते. ज्यांना काहीच दिसत नाही ते टी-११. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे कोणाला किंचित उजेड दिसत असेल तर तोही हिशेबात येऊ नये, आणि हाताला दोरीने बांधलेला डोळस जोडीदार बरोबर धावतो. टी-१२ ला जोडीदार हवा तर घ्यावा. टी-१३ ला जोडीदार नाही. ज्याचे त्याने पळायचे. बाका या तिसऱ्या वर्गातला.

आमच्या घरची गोष्ट अर्धी ठेवून कशी चालेल? भाचीच्या शाळेने खेळाच्या तासाला तिला बाकावर बसवून ठेवले होते. "पडली तर जबाबदारी कोणाची?" हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नव्हता. वर्गातल्या साठ मुलांवर एक शिक्षक. त्यांनी कोणाकोणाकडे पाहायचे? भावाने जबाबदारी आपली, असे लिहून दिले. मी त्या चिठ्ठीचे मराठी तपासून दिले, एवढाच माझा वाटा. आईने मात्र आठ दिवस अबोला धरला. मुलीची जात, नाकाडोळ्याला इजा झाली तर पुढे कसे व्हायचे, ही तिची काळजी. तिला मार्लाची गोष्ट सांगून उपयोग नव्हता. ती म्हणाली, "ती अमेरिकेत असते. तिथे रस्ते गुळगुळीत असतात." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आमच्या भावाच्या गल्लीतला रस्ता मी पाहिलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या स्पर्धेत भाची आठशे मीटर धावली. अकरा मुलींत सातवी आली. गुडघा थोडा खरचटला, तो शर्यत संपल्यावर, पाण्याच्या पिंपाला धडकून. घरी आल्यावर आईने हळद लावली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "आठवी कोण आली?"

सिडनीनंतर मार्लाने पल्ला वाढवला. २००१, २००२, २००३ अशी लागोपाठ तीन वर्षे ती पाच हजार मीटरची अमेरिकेची विजेती. २००२ साली तिने आपल्या प्रशिक्षकाशी लग्न केले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची मॅरेथॉन धावली. पहिलीच मॅरेथॉन, वेळ २ तास २७ मिनिटे १० सेकंद. धावलेल्या अमेरिकन बायकांत पहिली. मॅरेथॉनमध्ये धक्काबुक्की कमी, पण तिथे तिची दुसरीच अडचण. वाटेतल्या टेबलांवर पाण्याच्या बाटल्यांची रांग मांडलेली असते. धावताना त्यांतली आपली ओळखून उचलायची. आपल्याला हसू येईल, पण बेचाळीस किलोमीटरांत बाटली हुकली तर शर्यत हुकते. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकलाही ती पाच हजार मीटरसाठी गेली. तिथे तिची धाव प्राथमिक फेरीपलीकडे पोचली नाही. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली.

त्यानंतरचा तिचा मार्ग वर्तमानपत्रांनी फारसा सांगितला नाही. मला तोच अधिक ओढ लावतो. अमेरिकेत बोस्टनजवळ वॉटरटाऊन येथे पर्किन्स नावाची जुनी अंधशाळा आहे. हेलन केलर तिथे शिकली, हे पुष्कळांना माहीत असते. तिची शिक्षिका ॲन सुलिव्हन याच शाळेची विद्यार्थिनी, हे थोड्यांना. आणि ॲन सुलिव्हन स्वतः अर्धवट दृष्टीची होती, खुपऱ्यांनी लहानपणीच तिचे डोळे गेले होते व शस्त्रक्रियांनी थोडेसे परत आले होते, हे त्याहून थोड्यांना. १८८६ साली तिथून शिकून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच वर्षी ती हेलनच्या घरी पोचली. धड अंध नाही नि धड डोळस नाही, अशा त्या मुलीलाच हेलनच्या हातावर बोटांनी अक्षरे काढता आली.

त्याच पर्किन्स शाळेत मार्ला रनयन पुढे शिक्षणाच्या कामाला लागली. मूकबधिर-अंध मुलांच्या शिक्षणात घेतलेली १९९४ ची पदवी तिच्याजवळ होतीच. धावण्याच्या नादात ती इतकी वर्षे पेटीत पडून होती, एवढेच.